उजवी पादुका डावीकडेच : गुरुपूजनातल्या चुका टाळा

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी गुरुपौर्णिमेला चौरंगावर पादुका मांडायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्याच वर्षी मांडून झाल्या आणि आत्या दारातूनच म्हणाली, "अरे, महाराजांना भिंतीकडे तोंड करून बसवलंस की काय?" टाचा माझ्याकडे, बोटं भिंतीकडे. मी घाईघाईने एकेक पादुका जागच्या जागी फिरवली, तर दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला गेले! आत्या काही बोलली नाही, नुसती हसली.

दत्तसंप्रदायात ही चूक क्षुल्लक नाही. नरसोबाच्या वाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल, गाणगापूरला निर्गुण. तिन्हीकडे नमस्कार पादुकांनाच होतो. म्हणून पादुका मांडताना गुरू समोर बसलेत असं धरायचं: बोटं आपल्याकडे, टाचा भिंतीकडे, आणि त्यांची उजवी पादुका आपल्या डाव्या हाताला. लाकडी पादुकांची खुंटी अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये येते. जोडी बरोबर लागली की दोन्ही खुंट्या आतल्या अंगाला, एकमेकींजवळ दिसतात. चांदीच्या पादुकांना खुंटी नसेल तर कोरलेले अंगठे बघा.

हेच गणित चरणस्पर्शाला लागू आहे आणि तिथे तर शंभरातले नव्वद चुकतात (मीही चुकायचो). मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय: हातांची अढी घालून गुरूंचे पाय धरावेत, उजव्या हाताने उजवा, डाव्याने डावा. समोरासमोर उभं राहिलं की हात ओलांडल्याशिवाय हे साधत नाही. आमच्याकडे उजवा हात वर ठेवतात. उजव्याला उजवा भेटला की गुरूंकडचं सरळ आपल्याकडे येतं, असा अर्थ जुनी माणसं सांगतात. मला त्यातली दुसरी गंमत आवडते: अढी घालून वाकायला घाईत जमतच नाही. बडोद्यात आपण गुजराती शेजाऱ्यांकडून 'पगे लागू छूं' (पाया पडतो) उचललं, ते गोडच आहे. पण चालता चालता गुडघ्याला बोटं लावून पुढे सरकायचं, ही सवयही त्याबरोबर आली.

गुरू आडवे झाले असतील, जेवत असतील, तर थांबा. निजलेल्याला नमस्कार करत नाहीत. तो निधन झालेल्या माणसालाच. आजारी गुरूंच्या पलंगाशी रांग लावणाऱ्यांना हे हळूच सांगावं लागतं. आणि बरेच संन्यासी पायाला हात लावू देत नाहीत. तिथे लांबूनच नमस्कार, हट्ट नको.

साष्टांग नमस्काराची आठ अंगं म्हणजे छाती, डोकं, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात, गुडघे. पोट यादीत नाही, आमच्यात मात्र तेच आधी टेकतं. दंडवत म्हणजे काठीसारखं पडणं. सोडलेली काठी पडताना स्वतःला सावरत नाही, एवढाच त्या मुद्रेचा अर्थ. कोपरांवर उचलून, मान वळवून फोटो कोण काढतंय ते बघत असाल तर दृष्टी, मन आणि वाणी, तिन्ही बाहेर राहिली. बायकांनी पंचांग नमस्कार करायचा अशी रीत आहे: दोन हात, दोन गुडघे, डोकं.

प्रदक्षिणा उजव्या अंगाने हे सगळ्यांना ठाऊक असतं, चूक वेगात होते. दिवस भरलेल्या बाईने तेलाची भरली घागर घेऊन चालावं तसं चाला, असं परंपरा सांगते. नर्मदाकाठच्या गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीपाशी किंवा नारेश्वरला त्यांचे शिष्य रंगावधूत महाराजांकडे पौर्णिमेच्या गर्दीत हे अवघडच. तिथे अकरा धावत्या प्रदक्षिणांपेक्षा एक शांत बरी.

दक्षिणामूर्तीची, म्हणजे गुरुरूपातल्या शंकराची, ज्ञानमुद्रा करताना बरेच जण अंगठ्याला मधलं बोट लावतात. तिथे तर्जनी हवी. तर्जनी म्हणजे जीव, अंगठा म्हणजे ब्रह्म, उरलेली तीन बोटं त्रिगुण. एरवी 'मी' आणि 'तू' दाखवायला उगारलं जाणारं बोटच वाकतं. गंधाला मात्र अनामिका.

आता अडचणी. अभिषेकानंतर चौरंगाभोवती फरशी ओली असते. आधी पुसून घ्या, मगच लोटांगण. उठताना चक्कर येत असेल तर आधी कुशीवर वळा, बसा, दोन श्वास घ्या, मग उभे राहा. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी खुर्चीवर बसून हात जोडावेत. आत्या गेली तीन वर्षं तसंच करते. फक्त खुर्ची चौरंगाच्या अगदी समोर नको, थोडी बाजूला, म्हणजे पाय पादुकांकडे होत नाहीत. यंदा ती खुर्ची तिने स्वतःच सरकवून घेतली आणि मला म्हणाली, "खुंट्या बघितल्यास ना?"