जुन्या भिंतीच्या दरजा चुन्याने कशा भराव्यात

उमेदीच्या काळात मी दुरुस्त केलेली एक विटांची भिंत अजूनही अधूनमधून बघून येतो. काम माझंच आणि चूकही माझीच. दरजांमधला, म्हणजे विटांच्या सांध्यांमधला, जुना चुना भुसभुशीत झाला होता, नखाने खरवडला की गळायचा. मी तो काढून टाकला आणि जागेवर चांगलं कडक सिमेंट भरलं. भिंत टुकटुकीत दिसायला लागली. मालक खूश, मीही खूश. सात-आठ वर्षांनी गेलो तर विटांचे पापुद्रे सुटून त्या पेरभर आत गेल्या होत्या, आणि सिमेंटच्या दरजा मात्र खिडकीच्या जाळीसारख्या पुढे उभ्या होत्या.

झालं होतं ते असं. जुन्या भिंतीत पाणी या ना त्या वाटेने शिरतंच. ते बाहेर पडतं दरजांमधल्या चुन्यातून, कारण सगळ्यात सच्छिद्र भाग तोच. जाताना ते विरघळलेले क्षार मागे टाकतं, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि ज्या छिद्रात बसलेत त्याच्या भिंती फोडतात. चुना फुटला तर फुटला, पुन्हा भरता येतो. मी दरजा बंद केल्यावर पाण्याने विटांतून वाट काढली आणि लोणा विटांना लागला. म्हणून दरजेतला माल दगडा-विटेपेक्षा कमजोर हवा आणि जास्त पाणी सोडणारा हवा. या कामात येणारे नवे इंजिनिअर ताकदीचे आकडे घेऊन येतात, त्यांना हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

दरजा गळतायत म्हणून लगेच परांची बांधू नका. आधी वर बघा. पन्हळ तुंबली आहे का, कंगणीच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीच्या, खालची रेघ काळी पडली आहे का, भिंतीच्या पायथ्याशी बाहेरची जमीन नंतर भराव टाकून उंच केली आहे का. भर पावसात छत्री घेऊन तिथे अर्धा तास उभं राहा, भिंत स्वतःच सांगते. ओलावा मोजायचं दोन काट्यांचं यंत्र मी जवळ ठेवतो, पण त्याचा आकडा कागदावर लिहायला कचरतो. ते विजेचा प्रवाह मोजतं, आणि क्षार भरलेली भिंत जवळपास कोरडी असली तरी प्रवाह चांगला वाहतो. पन्हळ साफ करून भिंत वाळू दिली तर अर्ध्या दरजांना हात लावावा लागत नाही, असंही झालेलं आहे.

भेगांचंही तसंच. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू बसवा आणि महिन्यातून एकदा व्हर्नियरने अंतर मोजा. निदान वर्षभर, कारण ऋतू बदलला की भिंत थोडी हलतेच, आणि तेवढं हलणं आजार नसतो.

आता जुना माल. पाण्याने न धुतलेला, आतल्या अंगाचा मूठभर नमुना काढा आणि बोटांत चुरडा. भिंगातून पांढऱ्या गाठी दिसल्या, तर बहुधा कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण पाणी न घातलेला चुना, वाळूबरोबरच विरवून माल केला होता. मग नमुना वजन करून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चुना फसफसून विरघळतो, खाली वाळू राहते. ती धुऊन, वाळवून, चाळण्यांतून काढली की जुन्या गवंड्याने कुठल्या जाडीची, कुठल्या रंगाची वाळू वापरली ते हातात येतं. एक सावधगिरी: मालात शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा असेल तर तोही आम्लात जातो आणि प्रमाण चुकतं. म्हणून आधी भिंग, मग आम्ल. जुन्या दरजेचा रंग बव्हंशी वाळूचा असतो, तेव्हा रंगद्रव्य मिसळायच्या आधी वाळू शोधा.

चुना कुठला घ्यायचा यावर आमच्या धंद्यात भांडणं होतात. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो, त्यात पाणी घातलं की तो उकळून विरतो, आणि भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवला की त्याचे कण बारीक होत जातात. मी तीन महिन्यांच्या आतला वापरत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरू नये असा जुना नियम रोमन लेखक प्लिनीने नोंदवला आहे. तेवढा धीर मला कुठल्याच कामावर धरता आलेला नाही.

दुसरा पर्याय हायड्रॉलिक चुन्याचा, जो पाण्याशीच प्रक्रिया होऊन धरतो. जॉन स्मीटन 1750च्या दशकात एडिस्टन दीपगृह बांधत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ज्या चुनखडीत मातीचा अंश असतो तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो. आज हा चुना पोत्यांत मिळतो आणि त्यावर एनएचएल (नैसर्गिक हायड्रॉलिक चुना) 2, 3.5 किंवा 5 असं लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे 28 दिवसांनंतरची किमान दाबशक्ती, मेगापास्कलमध्ये. किमान हा शब्द नीट वाचा. 3.5चा माल 10 पर्यंत गेला तरी तो त्याच वर्गात बसतो, आणि त्यानंतरही तो वाढतच राहतो. मऊ विटेला तो जड होऊ शकतो. माझा कल असा: आतल्या आणि आडोशाच्या भिंतींना मुरवलेला चुना, वाऱ्यापावसाच्या तोंडावर त्यातच सुरखी, म्हणजे विटांची बारीक पूड, आणि हायड्रॉलिक चुना फक्त जिथे सतत ओल आहे तिथे. सुरखी मऊ भाजलेल्या विटांची हवी. खूप कडक भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी प्रक्रिया करत नाही, नुसती वाळूसारखी पडून राहते. चुन्यात 'जरासं' सिमेंट टाकायची सूचना कोणी ना कोणी करतंच. नको म्हणा.

डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय चुन्याजवळ जायचं नाही. ओल्या चुन्याचा पीएच 12च्या वर असतो. उडालेला एक थेंब डोळा घालवू शकतो. स्वच्छ पाण्याची बाटली परांचीवरच ठेवा, खाली गाडीत नको.

माझ्या मते काम बिघडतं ते वाळूत, आणि वाळूकडेच कोणी बघत नाही. एकाला तीन, म्हणजे एक माप चुना आणि तीन मापं वाळू, हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, पण का, ते विचारलं की गप्प. वाळूच्या कणांमध्ये मोकळी जागा असते, चांगल्या मिश्र जाडीच्या वाळूत साधारण एक तृतीयांश. ती जागा भरेल इतका चुना लागतो, म्हणून एकाला तीन. तुमच्या वाळूत ती जागा किती, हे पाच मिनिटांत कळतं. पूर्ण वाळवलेली वाळू मोजपात्रात 300 मिलिलिटरच्या रेघेपर्यंत भरा, पात्र हलकेच आपटून सपाट करा आणि दुसऱ्या पात्रातलं पाणी मोजून हळूहळू ओता. पाणी वाळूच्या पृष्ठभागाशी आलं की थांबा. 100 मिलिलिटर लागलं तर एकाला तीन. 120 लागलं तर एकाला अडीच. एका कामावर मध्येच वाळूची खेप बदलली, दिसायला हुबेहूब तशीच. आम्ही जुन्याच मापाने माल कालवत राहिलो, आणि पंधरा दिवसांनी त्या पट्ट्यातल्या दरजा ब्रश फिरवताच पिठासारख्या झडल्या. तपासली तर कण सगळे एकाच जाडीचे, मोकळी जागा कितीतरी जास्त. तेव्हापासून प्रत्येक खेपेची चाचणी मी स्वतः करतो. वाळू खरखरीत, धुतलेली, बारीक-जाड मिसळलेली हवी. ओली वाळू मापाने मोजू नका, ओलीने ती फुगते आणि घमेल्यात कमी भरते.

मुरलेल्या चुन्यात कालवताना सुरुवातीला पाणी घालायचा मोह होतो, कारण मिश्रण कोरडं वाटतं. घालू नका. फावड्याच्या पाठीने, लाकडी धुमसाने कुटत राहा, चुन्यातलं पाणी आपोआप सुटतं. जितकं पाणी जास्त तितका माल आकसतो आणि भेगाळतो. माल थापीवर घेऊन थापी उलटी धरा, पडला नाही तर झाला.

दरजा उकरताना खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि 25 मिलिमीटरपेक्षा कमी नाही. बारीक छिन्नी, हलका हातोडा, हॅकसॉचं मोडकं पातं एवढं बहुतेक वेळा पुरतं. ग्राइंडर मी परांचीवर चढू देत नाही. एकदा घसरला की दगडाची कड जन्मभरासाठी गेली. घट्ट असलेला जुना चुना राहू द्या, सगळी भिंत एकसारखी दिसावी म्हणून तो काढू नका. आणि मागच्या कोणी भरलेलं सिमेंट कड मोडल्याशिवाय निघत नसेल तर तेही तसंच सोडा. सिमेंट वाईट हे मान्य, पण ते काढायच्या नादात दगड फोडणं त्याहून वाईट. काही वर्षांत ते स्वतःच सैल होतं, तेव्हा काढा.

उकरताना दगड जोडणारा लोखंडाचा आकडा लागला तर थांबा आणि फोटो काढा. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या मूळ कारागिरांनी संगमरवराचे दगड लोखंडी आकड्यांनी जोडले होते, पण त्यांवर शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या इंजिनिअरने दुरुस्ती करताना शिसं वगळून उघडं लोखंड बसवलं. ते गंजलं, फुगलं आणि संगमरवर फुटला. 1975मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली पुढे ते आकडे काढून टायटॅनियमचे बसवावे लागले. भेट दिलेल्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की तिथली परांची भग्नावशेषांसाठी आहे. तिच्यावरचं बरंचसं काम मागची दुरुस्ती दुरुस्त करण्याचं आहे.

भरायच्या आधी दरजेतली धूळ मऊ ब्रशने आणि पाण्याने वरून खाली धुवा, आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी पुन्हा. भिंत ओलसर हवी, पण पाणी चमकता कामा नये. कोरडी भिंत मालातलं पाणी ओढून घेते आणि चुना धरायच्या आतच सुकतो. माल दरजेपेक्षा अरुंद लोखंडी पट्टीने आत दाबत जा, आधी तळाशी, मग पुढे. खोल दरज एका दमात भरू नका. 20-25 मिलिमीटरचा थर, तो आवळला की पुढचा. रुंद दरजेत त्याच दगडाच्या चिपा ठोकून बसवा, माल कमी लागतो आणि आकसतोही कमी. दगडांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर माल कडेपर्यंत आणू नका. थोडा आत ठेवला की दरज मूळ रुंदीची दिसते. कडेवर पसरलेला पातळ पापुद्रा दिसायला भोंगळ दिसतो आणि सगळ्यात आधी सुटतोही.

एखादी वीट पूर्ण गेलीच असेल तर नवी बसवताना ती जुनी भासवायचा आटापिटा करू नका. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलंय की नवा भाग जुन्याशी जुळावा, पण नीट बघणाऱ्याला वेगळा ओळखू यावा. मी विटेच्या मागच्या बाजूला वर्ष कोरतो.

भरून झालं की हात मागे घ्या. अंगठा दाबला जात नाही पण नखाचा ओरखडा उठतो, ती वेळ. तेव्हा कडक केसांच्या ब्रशने दरजेवर टोचल्यासारखे ठोके द्या. ब्रश ओढायचा नाही. आकसण्याच्या बारीक भेगा मिटतात, वाळूचे कण उघडे पडतात आणि पृष्ठभाग खुला राहतो. थापीने घोटून गुळगुळीत केलं तर चुन्याची साय वर येते आणि आतला माल हवेला मुकतो.

मग गोणपाट. भिंतीला चिकटवून नाही, वीतभर पुढे टांगलेलं, आणि ते ओलं ठेवायचं. दरजांवर दिवसातून दोन-तीनदा फवारा, निदान दोन आठवडे. कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जुळायला ओल लागते, म्हणून दरज खडखडीत सुकली तर काम थांबतं. छिद्रं पाण्याने तुडुंब भरली तर हवा आत जात नाही, तेव्हाही थांबतं. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर काम काढूच नका, दहिवर गोठून कोवळा चुना फुटतो. ठेकेदाराशी माझे सगळ्यात जास्त खटके याच टप्प्यावर उडतात, कारण माणसं लागतात आणि काम झाल्यासारखं काही दिसत नाही. मी फवाऱ्याचे दिवस आणि वेळा करारातच लिहून घेतो, वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने.

पहिल्या दिवशी भिंतीवर नमुन्याची पट्टी भरताना त्याच मालाच्या चार-पाच कांड्या एका फळीवर ओढून ठेवा, दरजेइतक्याच जाड. त्यांनाही तोच फवारा, तेच गोणपाट. महिन्याने एक कांडी मोडा आणि ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या द्रावाचा थेंब सोडा. जिथपर्यंत चुना पुन्हा चुनखडी झालाय तो भाग रंग घेत नाही, आतला कच्चा भाग गुलाबी होतो. बाहेर दोन-तीन मिलिमीटर पांढरी कड आणि मध्ये गडद गुलाबी, असं दिसलं की घाबरू नका. गोणपाट काढू नका, तारीख लिहा आणि पुढच्या महिन्यात दुसरी कांडी मोडा.