घोडा आणि स्वाराचं फोटोशूट कसं प्लॅन करायचं

घोड्यासोबत पोर्ट्रेट शूट करायचं म्हटलं की सगळे आधी लेन्स आणि ड्रेस बघतात, घोड्याचा विचार कोणी करतच नाही, मग शूटच्या दिवशी तो कान मागे पाडून उभा राहतो आणि अख्खी सकाळ वाया जाते. माझं पहिलं शूट असंच गेलं, तेव्हापासून मी घोड्यापासूनच सुरुवात करतो.

आधी एक दिवस कॅमेरा न घेता तबेल्यात जाऊन या. मोतद्दाराशी, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाशी बोला, हा घोडा कशाला बुजतो, खुराकाची वेळ काय, अनोळखी माणसाला जवळ येऊ देतो का, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून बोलत बोलत डाव्या खांद्याकडून जा, आणि भारी अँगल मिळतोय म्हणून त्याच्या मागे कधीच बसू नका.

जागा शांत हवी. माथेरानला ई-रिक्षा सोडल्या तर गाड्या नाहीत, लाल माती आहे, उन्हं तिरपी असली की टापांची धूळ काय सुंदर दिसते! वनखात्याची हद्द असेल तर परवानगी आधी काढा. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत एकाहून एक देखणे घोडे येतात, पण तिथे गर्दी इतकी की ठरवून पोर्ट्रेट नको, सहज मिळतील ते फोटो घ्या. वेळ सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास. माश्याही कमी असतात, नाहीतर घोडा सारखी मान झटकतो.

कपडे घोड्याच्या रंगावरून ठरवा. कुमैत घोडा म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ, त्याच्यावर हिरवी किंवा निळी नऊवारी उठून दिसते, पांढऱ्या नुकऱ्यासोबत पांढरे कपडे घातले तर दोघं एकमेकांत मिसळून जातात. फेट्याचा शेमला, पदर, रिफ्लेक्टर, जे जे हलणार किंवा चमकणार ते सगळं घोड्याला आधी लांबून दाखवा, हुंगू द्या, मगच जवळ न्या. फ्लॅश मी वापरत नाही. फेटा उभ्या फोटोपुरता, घोडा पळवायचा असेल तर हेल्मेट घालायचंच, यात तडजोड नाही.

शूटच्या सकाळी खरारा करून घ्या, म्हणजे ब्रशने घोड्याचं अंग घासून घ्या, डोळ्यांच्या कडा ओल्या फडक्याने पुसा, लगाम आणि खोगिराचे पट्टे पण पुसा, फोटोत धूळ लगेच दिसते. लेन्स ८५ एमएमच्या पुढची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, मी ७०-२०० एमएमची झूम नेतो. मोबाईलच्या वाइड लेन्सने जवळून काढलं तर घोड्याचं नाक केवढं मोठं येतं, त्यापेक्षा मागे सरकून झूम करा. स्वाराचा चेहरा आणि घोड्याचा डोळा कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं भोक, एफ ४ च्या आसपास ठेवा, नाहीतर एक शार्प आणि दुसरा धूसर. उभ्या घोड्याला शटर १/२५० सेकंद पुरतं, दौडीला १/१००० किंवा त्याहून वेगवान. काळा घोडा फ्रेमभर असला की कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी करा.

आता कान. कान पुढे असले की घोडा जागा वाटतो, मागे पडले की वैतागलेला, फोटोचं अर्धं काम कानच करतात. मोतद्दाराला कॅमेऱ्याच्या मागे थोडं बाजूला उभं करा आणि चण्याची पिशवी वाजवायला सांगा, पण दोन-तीनदाच, नंतर घोडा लक्ष देत नाही. दोरी धरायला दुसरा माणूस हवा आणि त्याने ती हाताला गुंडाळायची नाही, घोडा उसळला तर बोटं जातात. दोरी चेहऱ्यावरून न नेता बाजूला धरली की नंतर एडिटमध्ये काढायला सोपी.

वीस-पंचवीस मिनिटं झाली की थांबा, पाणी दाखवा, सावलीत न्या. खोगीर उतरवल्यावर कॅमेरा लगेच बॅगेत टाकू नका, स्वाराला नुसतं घोड्याच्या मानेला टेकून उभं राहू द्या, काही पोज सांगू नका. माझ्या घरी भिंतीवर लावलेला फोटो तेव्हाचाच आहे. आणि प्रिंट काढाल तेव्हा एक मोतद्दारालाही नेऊन द्या.