आर्थर रोडला घरचा माणूस पहिल्यांदा गेला, तर बरॅकमधलं काय सांभाळायचं

मुंबईच्या आर्थर रोड जेलची अधिकृत क्षमता हजाराच्या आत. आत माणसं त्याच्या कित्येक पट. म्हणून बरॅकमध्ये कोणाचं किती चालतं, हे झोपायच्या जागेवरून कळतं. पंख्याखालची जागा जुन्या कैद्यांची. नवा माणूस संडासाच्या दाराशी, एका कुशीवर, दुसऱ्याच्या पायाशी डोकं ठेवून झोपतो. पहिल्याच रात्री कुणीतरी हाक मारतं, "ये, इकडे टाक चादर." जागेबरोबर साबण येतो, तंबाखूची पुडी येते. वसुली आठवड्याने सुरू होते: कपडे धू, पाय चेप, घरून पैसे मागव, त्या अमक्याला जाऊन भीड. तरण्या पोराकडे मागणी शरीराचीही होते, आणि तोवर "तुझं किती केलं" हे ऐकवायला उपकार साठलेले असतात. त्यामुळे संडासाजवळची जागा खुशाल पत्करावी. लोक जामिनावर सुटतात, तशी जागा पुढे सरकते.

उपकार टाळायचे तर स्वतःचा साबण हवा. म्हणून कँटीनचे पैसे वकिलाइतकेच तातडीचे. महिन्याची मर्यादा मुलाखतीच्या खिडकीवर विचारा आणि रक्कम थोडी थोडी पाठवा. एकदम मोठी आली की बरॅकभर बोभाटा होतो.

"केस काय? कोणाचा माणूस तू?" हे प्रश्न पहिल्या दिवशीच येतात. कलम सांगावं, बाकी "वकिलाला विचारतो" एवढंच. कोणत्या टोळीशी जुनं वैर असेल, तर बरॅक ठरण्याआधीच जेलरला लेखी द्यावं आणि वकिलामार्फत कोर्टाच्या कानावर घालावं. चमचा फरशीवर घासला की त्याला धार येते. 2010 मध्ये याच जेलमध्ये गँगस्टर अबू सालेमवर तसल्याच चमच्याने हल्ला झाला आणि त्याला तळोजा जेलमध्ये हलवावं लागलं.

जवळिकीबद्दल घरात कुणी बोलत नाही, आणि पोरं त्यातच एकटी पडतात. दोन प्रौढांनी मर्जीने ठेवलेला संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर गुन्हा नाही. जेलच्या शिस्तीचे नियम वेगळे. पण नाही म्हटल्यावर जागा, जेवण किंवा संरक्षण जाणार असेल, तर त्याला मर्जी म्हणू नये. एका पोरावरून दोन दादांमध्ये जुंपली की मार बहुधा पोरालाच बसतो. अशा वेळी एकाला सोडून दुसऱ्याचा आसरा घेऊ नये, थेट बरॅक बदलून मागावी.

मुलाखतीत आजूबाजूचे ऐकत असतात. म्हणून एक वाक्य आधीच ठरवून ठेवा. "आत्याचं ऑपरेशन झालं का?" असं त्याने विचारलं, की वकिलाने त्याच आठवड्यात भेटायचं. तो कुणा अनोळखी नंबरवर यूपीआय करायला सांगत असेल, तर ती खंडणी समजा. पैसे पाठवू नका, नंबर जपून ठेवा.

जबरदस्ती झालीच, तर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कोरडे, कागदात गुंडाळून ठेवावेत. जेलच्या डॉक्टरकडे लेखी तक्रार द्यावी आणि सरकारी रुग्णालयात तपासणी मागावी. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच, सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. शरमेपायी नेमका हाच वेळ जातो. पुढच्या तारखेला न्यायाधीशांना तोंडाने सांगावं. पेशी व्हिडिओवर असेल आणि शेजारी कुणी उभं असेल, तर वकिलाने प्रत्यक्ष हजर करण्याचा अर्ज द्यावा. वकील नसेल तर विधी सेवेचा 15100 हा नंबर आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या 377 सारखं, पुरुषावरच्या लैंगिक जबरदस्तीला लागणारं, कलम नाही आणि बलात्काराच्या कलमात पीडित पुरुष धरलेला नाही. तेव्हा तक्रारीत मारहाण, डांबणं, धमकी यांतलं जे घडलं ते तारीख-वेळेसह लिहावं, नाहीतर तिथेच "कलम बसत नाही" म्हणून बोळवण होते.

गुन्ह्याच्या तारखेला पोरगा अठराच्या आत असेल, तर तो या बरॅकमध्ये असायलाच नको. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र शोधा. नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला काढा. वय अठराच्या आत होतं असा अर्ज कोर्टात खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येतो.