रेझिनची बाहुली घेताना

जपानच्या व्होल्क्स (Volks) कंपनीने १९९९ साली सुपर डॉल्फी ही रेझिनची, म्हणजे एका कडक प्लास्टिकची, सांधे वळणारी बाहुली आणली, तेव्हापासून या बाहुल्यांचं वेड पसरलं. नकलाही आल्या. माझी पहिली नक्कलच निघाली, म्हणून आधी अस्सलपणाचं प्रमाणपत्र मागा. डोक्याच्या आतले आणि मानेच्या सांध्याचे फोटोही मागवा, दिवसाच्या उजेडातले. नकलेच्या रेझिनमधले हवेचे बुडबुडे तिथेच दिसतात.

उन्हाने रेझिन पिवळं पडतं. नेरूळच्या आमच्या घराला पश्चिमेची खिडकी, त्यामुळे तिघीजणी कपाटात. (सासूबाई म्हणतात, ‘मग घेतल्या कशाला?’) गडद कपड्याचा रंग अंगाला लागतो, आत पांढरं अस्तर हवंच. हातपाय जोडून ठेवणारं आतलं इलॅस्टिक सैल झालं की बाहुली मटकन बसते. बदलताना इलॅस्टिक अडकवायचा हूक घट्ट धरा, माझं बोट चेमटलंय. चेहऱ्यावर मॅट स्प्रे (रंग टिकवणारा, चमक नसलेला थर) पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत पांढुरका थर बसतो.