पंचम ठेवू की मध्यम? : कलाकारांच्या मागे तंबोऱ्यावर बसू पाहणाऱ्यांसाठी

मिरज-सांगली-साताऱ्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलामुलींना नावाजलेले गायक जवळून भेटावेत असं फार वाटतं. त्यासाठी बहुतेक जण मैफल संपल्यावर रंगमंचाच्या पायऱ्यांशी थांबतात. तिथे नमस्कार होतो, फोटो निघतो आणि कलाकार हसून पुढे जातो. दोन-अडीच तास गाऊन उठलेल्या माणसाला बोलायचं नसतंच. त्याला पाणी हवं असतं, मग जेवण.

बोलणं होतं ते आधी, ग्रीनरूममध्ये, तंबोरे लागत असतात तेव्हा. त्या तासाभरात खोलीत मोजकीच माणसं असतात आणि त्यांतली प्रत्येक जण कामाची असते. तुम्हाला त्या खोलीत जायचं असेल तर चाहते म्हणून जाता येणार नाही, तंबोरेवाले म्हणून जाता येईल. हे काम शिकून घेण्यासारखं आहे आणि ते शिकायला मिरजेइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

इथे वाद्य घडतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी कित्येक पिढ्या देशभरातले गवई तंबोरा घ्यायला इथेच येत आले आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा कारभार इथूनच चालतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले. 1937 मध्ये दक्षिणेतल्या प्रवासात, सिंगपेरुमल कोइल स्टेशनवर त्यांचं निधन झालं, तरी दफन झालं ते मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा होते तिथे मोठमोठे कलाकार ‘हजेरी लावायला’ येतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही गाणं असतं. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते, त्यामुळे तंबोरा लावणं हे हलकं काम, शिष्यांवर टाकायचं काम, ही समजूत निदान इथे तरी कुणी बाळगू नये.

तयारी किती लागते? गांधर्वची मध्यमा परीक्षा झालेल्या विद्यार्थ्याचा कान साधारण पुरतो, पण परीक्षेचं प्रमाणपत्र हा निकष नाही. खरी चाचणी जोडीच्या दोन तारांवर होते. दुसरी आणि तिसरी तार एकाच षड्जात, म्हणजे ‘सा’मध्ये, लावायची असते. त्या जवळ आल्या की आवाजात लाट ऐकू येते, आधी भरभर, मग संथ. दोन्ही अगदी एक झाल्या की लाट थांबते. ही लाट ऐकू येत नसेल तर अजून सहा महिने घरी तंबोरा लावा, ग्रीनरूममध्ये जाऊ नका. आणि ट्यूनरचा दिवा हिरवा झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो तुम्हाला आसपास नेऊन सोडतो, शेवटचं अंतर कानानेच काटावं लागतं.

कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी आयोजकांकडून एकच गोष्ट विचारून घ्या: पट्टी कोणती, म्हणजे गायकाचा षड्ज पेटीच्या कुठल्या पांढऱ्या किंवा काळ्या पट्टीवर? हा फोन शक्यतो कलाकाराला नको, त्यांच्यासोबत येणाऱ्या शिष्याला किंवा पेटीवाल्याला करावा. पुरुष गायक बहुधा पांढरी 1 ते काळी 2 मध्ये गातात, बायका काळी 3 ते काळी 5 च्या आसपास. पट्टी ठाऊक नसताना हाताशी आहे तो तंबोरा घेऊन जाणं ही नवख्यांची सगळ्यांत महागात पडणारी चूक. काळी 1 साठी बांधलेला मोठा मर्दानी तंबोरा काळी 5 पर्यंत चढवला तर तार तुटते, आणि बायकांचा छोटा तंबोरा काळी 1 वर उतरवला तर तारा ढिल्या पडून नुसत्या फडफडतात. पट्टी दोन स्वरांहून जास्त लांब असेल तर तारांचा संच बदलावा लागतो. मिरजेतल्या सतारमेकर मंडळींच्या दुकानात पट्टी सांगितली की ते त्या मापाच्या तारा देतात. स्वतः गेज (तारेची जाडी) ठरवायच्या भानगडीत पहिली दोन वर्षं पडू नये. नवी तार चढवायची ती दोन दिवस आधी, कारण ताणाखाली ती काही काळ उतरतच राहते.

प्रवासात तंबोरा गवसणीत घालून, तारा स्वर-दोन स्वर उतरवून न्यावा. तंबोऱ्याच्या तळाच्या भोपळ्याला धक्का लागला की तडा जातो आणि तो भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, दुकानात टांगलेला मिळत नाही. गाडीच्या डिकीत, पेटीच्या खाली, कधीही नाही. मागच्या सीटवर आडवा ठेवावा आणि शेजारी माणूस बसवावा.

सभागृहात निदान दीड तास आधी पोहोचा. सांगलीचं भावे नाट्यमंदिर असो की साताऱ्याचं शाहू कलामंदिर, तंबोरा आधी त्या हवेत अर्धा तास नुसता उघडून ठेवायचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात. उन्हाळ्यात त्या सुकून सैल होतात, मग तार लावली तरी सर्रकन उतरते. सैल खुंटीला खडू लावतात आणि फिरवताना ती आत दाबत फिरवतात. घट्ट खुंटीला पक्कड लावायची नाही. थोडी बाहेर ओढून, कोरड्या फडक्याने पुसून परत बसवायची.

लावण्याचा क्रम असा. आधी जोडीतली एक तार पेटीच्या षड्जाला मिळवा. मग जोडीतली दुसरी तिला मिळवा, पेटीला नव्हे. त्यानंतर चौथी, खर्जाची (खालच्या षड्जाची) पितळी तार. पहिली तार शेवटी, कारण ती रागाप्रमाणे पंचम, मध्यम की निषाद असणार हे अजून ठरायचं असतं. एक तार चढवली की दांडीवरचा ताण बदलतो आणि बाकीच्या किंचित उतरतात, म्हणून हा फेरा तीन वेळा तरी करावा लागतो. खुंटीने जवळ आणायचं आणि शेवटचा केसभर फरक घोडीमागच्या (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यामागच्या) मण्यांनी काढायचा: मणी घोडीपासून लांब सरकवला की तार चढते, घोडीकडे आणला की उतरते. खुंट्या फिरवायच्या आधी सगळे मणी मध्यावर आणून ठेवा. तसं न केल्यास ऐन वेळी एका बाजूला सरकवायला जागाच उरत नाही.

मग जवारी, म्हणजे तारेचा झंकार खुलवणं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा घालून तो अगदी थोडाथोडा पुढेमागे करायचा. एका जागी तार एकदम खुलते आणि झंकार लांब चालतो. त्याच्या अलीकडे ती ठस वाजते, पलीकडे भरड होऊन करकरते. धागा एका हाताने सरकवताना दुसऱ्या हाताने तार छेडत राहा. थांबून थांबून ऐकलं तर ती जागा निसटते. चारही तारांची खुलावट सारखी हवी. एकटाच खर्ज गरजत असेल तर पंचमाला कुणी ऐकत नाही.

खर्ज नीट लागला, धागा बरोबर जागी आला की त्या एका तारेतून गंधार ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार. मूळ स्वरासोबत तारेतून आपोआप निघणाऱ्या उपस्वरांपैकी हा पाचवा आहे, आणि पेटीच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरा असतो, अर्धस्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याइतका. म्हणून तंबोऱ्याचा गंधार पेटीवर तपासू नका, चुकीचा वाटेल. चूक पेटीची असते. कलाकार ग्रीनरूममध्ये येऊन तुमच्या हातातून तंबोरा घेतो, डोळे मिटून चार तारा छेडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा हाच गंधार शोधत असतो. तो सापडला तर चेहऱ्यावर दिसतं. कुमार गंधर्वांच्या तंबोऱ्यांचा एवढा बोलबाला का होता, ते या जागी कान देऊन बसल्यावर कळायला लागतं.

आता तो प्रश्न. ‘आज काय गाणार?’ असं कधीही विचारू नका. अनेकांनी ते ठरवलेलं नसतं, आणि ठरवलेलं असलं तरी खोलीतल्या सगळ्यांदेखत सांगायचं नसतं. तंबोरेवाल्याला मात्र ‘पंचम ठेवू की मध्यम?’ हे विचारण्याचा हक्क आहे, किंबहुना ते त्याला विचारावंच लागतं. ‘मध्यम’ म्हटलं की मालकंस, चंद्रकंस, ललित, कदाचित बागेश्री. ‘निषाद कर’ म्हटलं की मारवा, पूरिया किंवा सोहनी. तुम्हाला कळलं हे त्यांना कळतं. तिथून पुढे ते स्वतःच एखादं वाक्य बोलतात, आणि संबंध जुळतात ते असेच. आम्ही पाहिलेल्या बहुतेक ओळखी या एका प्रश्नावर उभ्या आहेत, ‘तुमची फार मोठी चाहती आहे’ या वाक्यावर एकही नाही.

हा प्रश्न वेळेत विचारण्याला दुसरंही कारण आहे. पंचमावरून मध्यमावर उतरताना तारेचा ताण पाचव्या हिश्श्याने कमी होतो, त्यामुळे धागा नव्याने बसवावा लागतो. पंचमावरून निषादावर चढवताना ताण दीडपटीहून जास्त होतो. जुनी, काळवंडलेली तार तिथे हमखास तुटते. म्हणून प्रश्न तासभर आधी. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना ‘निषाद’ ऐकायला मिळालं तर देव आठवतात. दोन तंबोरे असतील तर एकावर पंचम आणि दुसऱ्यावर निषाद ठेवणारे गायकही आहेत. त्यामुळे प्रश्न दोन्ही तंबोऱ्यांसाठी विचारा.

पिशवीत पहिल्या तारेचे दोन आणि बाकीच्यांचा एकेक नग, तार कापायची छोटी पक्कड, खडू, धाग्याची रीळ, ब्लेड, मऊ फडकं आणि विजेरी असावी. मंचावर तार तुटली तर नवी लावायला दहा मिनिटं जातात आणि ती उतरत राहते. अशा वेळी मुकाट्याने उठू नये. दुसरा तंबोरा चालू असतो, इलेक्ट्रॉनिक तंबोरा बहुधा असतोच. राग संपेपर्यंत उरलेल्या तारा वाजवत राहावं.

मंचावर दिव्यांच्या उष्णतेने तारा प्रसरण पावतात आणि उतरतात. म्हणून शेवटची जुळवाजुळव दिवे लागल्यावर, जागेवर बसून करायची. मधलं बोट पहिल्या तारेला, तर्जनी बाकीच्या तिन्हींना, बोटाच्या मऊ भागाने, नखाने नाही. छेडण्याची गती तबल्याच्या लयीशी बांधायची नाही. हे सांगायला सोपं आणि करायला भलतंच अवघड, कारण द्रुत (जलद) लय सुरू झाली की हात आपोआप धावतो. शेजारच्या तंबोऱ्याशी एकाच वेळी छेडू नका, थोडं मागेपुढे ठेवा म्हणजे आवाज अखंड राहतो. समेवर मान हलली तर हरकत नाही, हात मात्र थांबता कामा नये. सुराला साथ द्यायची ती गायकाने मान वळवून खूण केली तरच. आपला आवाज ऐकवायची ही संधी आहे असं मानणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही. आणि कार्यक्रमाआधी पाणी बेताने प्या, मध्ये उठता येत नाही.

बोलावायचं कसं, यातही लोक घोळ घालतात. सगळ्यांना ‘पंडितजी’ म्हणू नका. मराठी वयस्कर गायकाला ‘बुवा’ आवडतं, मुसलमान उस्तादांना ‘खाँसाहेब’, बाईंना ‘ताई’. शंका असेल तर त्यांचे शिष्य काय म्हणतात ते ऐका आणि तेच म्हणा. पाया पडायचं ते खोलीत शिरताना, हातात वाद्य नसताना. तंबोरा लागत असताना कुणी वाकून नमस्कार करायला आलं तर त्याला हळूच थोपवणं हेही तुमचंच काम. तबलजी आणि पेटीवाल्यांना तितक्याच आदराने विचारा, चहा त्यांनाही हवा असतो, आणि पुढच्या मैफलीसाठी तुमचं नाव बहुतेक वेळा तेच सुचवतात.

दुसऱ्या गायकाच्या कार्यक्रमाविषयी मत देऊ नका, विचारलं तरी. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग नाही, ग्रीनरूममधल्या गुणगुणण्याचं तर मुळीच नाही. खाण्यात कोमट पाणी, साधा चहा, हलकं काहीतरी. कौतुकाने भडंगाचा पुडा पुढे करू नका, ते तिखट घशात बसतं. भडंग आणि बेदाणे निघताना द्यावेत, साताऱ्यात असाल तर कंदी पेढे.

शिकण्यासारखं काही विचारायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, आणि एकच. ‘मला गाण्याबद्दल सांगा’ याला उत्तर नसतं. ‘काल मारव्यात षड्ज इतका उशिरा का लावलात?’ याला असतं, आणि कधी कधी अर्धा तास चालतं. सोडायला स्टेशनवर दोघांनी जावं, एक माणसांसाठी आणि एक वाद्यांसाठी. सातारा स्टेशन गावाबाहेर, माहुलीच्या अंगाला आहे, तेव्हा वेळ जास्त धरा. फलाटावर गाडीला उशीर झाला तर मोबाईल खिशात ठेवा. कलाकार सगळ्यांत मोकळा तिथेच बोलतो. पुढच्या वेळी याल तेव्हा तंबोरा कोणता आणू, पहिल्या तारेचं गेज बदलू का, हे तिथेच विचारून वहीत टिपून ठेवा: नाव, पट्टी, पहिली तार, धागा जाड की बारीक.