नाणी चोरीला गेली तर ‘हे माझंच’ हे कसं दाखवाल?

घरफोडीत गेलेली नाणी पुढे सापडतातही, पण त्याच सालाची, त्याच टांकसाळीची नाणी हजारो असतात. ‘चांदीचं जुनं नाणं’ एवढ्या वर्णनावर ते तुमचंच हे कोण मानणार?

म्हणून आजच एवढं करा:

१. प्रत्येक मोलाच्या नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. उजेड तिरका पडू द्या. सरळ फ्लॅशमध्ये ओरखडे दिसतच नाहीत.
२. खोड, म्हणजे त्या नाण्यावरची खास खूण, टिपून ठेवा: ‘७ च्या आकड्याखाली बारीक खाच, कडेला हिरवट डाग.’ खरी ओळख हीच.
३. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजा. तपासणी कंपनीने सीलबंद डबीत घालून दिलेलं नाणं असेल तर डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक लिहा. (चोर डबी फोडून फेकतो, म्हणून खोड हवीच.)
४. ही यादी ईमेलवर ठेवा, नाण्यांच्या कपाटात नको!

चोरी झालीच तर यादी तक्रारीला जोडा आणि त्याच दिवशी नाणेविक्रेते, सराफ, लिलाववाले यांना पाठवा. चांदी वितळायला वेळ लागत नाही.

ऑनलाइन विक्रीत आपलं नाणं दिसलं तर विक्रेत्याला जाब विचारू नका, जाहिरात लगेच गायब होते. स्क्रीनशॉट घ्या, लिंक पोलिसांना द्या.