प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर दोन ओळी: माझा अनुभव

मालवणच्या मच्छीमारांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा छोटा प्रोग्राम मी मुक्त स्रोत म्हणून खुला केला, तेव्हा परवान्याचा मजकूर मुख्य फोल्डरमधल्या एकाच फाइलीत होता. वेंगुर्ल्याच्या मित्राने त्यातली फक्त गणिताची फाइल घेतली आणि ती वापरायची मुभा आहे का, असे विचारले. प्रश्न रास्त होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क आपोआप लेखकाकडे राहतो, परवानगी मात्र द्यावी लागते.

मग प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर मी वर्ष व नाव असलेली कॉपीराइटची ओळ आणि तिच्याखाली एसपीडीएक्स पद्धतीने (परवान्यांची नावे ठरावीक छोट्या रूपात लिहिण्याची प्रमाणित पद्धत) परवान्याचे नाव घातले. घाईत त्या ओळी पायथन स्क्रिप्टच्या शेबँगच्याही (स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारी ओळ) वर गेल्या आणि स्क्रिप्ट थेट चालेनाशी झाली. शेबँग पहिल्याच ओळीत लागतो, म्हणून त्या दोन ओळी त्याखाली नेल्या. सर्वांत जास्त जपले ते एमआयटी या मुक्त स्रोत परवान्याखाली दुसऱ्याकडून घेतलेले एक फंक्शन: तिथे मूळ लेखकाची ओळ आणि परवान्याचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा ठेवला, कारण ती त्या परवान्याची अटच आहे, आणि मला ती मनापासून न्याय्य वाटते.

शेवटी प्रत्येक फाइलीला कॉपीराइट व परवान्याची माहिती आहे का ते तपासणारी ‘रीयूज लिंट’ ही आज्ञा चालवल्यावर होडीचे चित्र राहून गेल्याचे कळले. चित्रात टिप्पणी लिहिता येत नाही, म्हणून त्याच्याच नावापुढे ‘.लायसन्स’ जोडलेली वेगळी फाइल शेजारी ठेवली.